चांद्याच्या पायऱ्या

खाणीचं सगळं उलटं असतं. घराचा, देवळाचा, कचेरीचा जिना माणूस ताज्या पायांनी चढतो आणि काम झालं की उतरतो. खाणीत मात्र पाळीच्या सुरुवातीला भरल्या पोटी उतरायचं आणि आठ तास कोळसा भरून झाल्यावर, अंगात काही उरलेलं नसताना, चढायचं. मी चंद्रपूरच्या एका भूमिगत खाणीत लॅम्प रूमचा बाबू होतो. खाणीच्या तोंडाशी बसून कॅप लॅम्प द्यायचे, पाळी सुटली की परत घ्यायचे आणि चार्जिंगच्या रॅकवर लावायचे. लॅम्प नेताना कामगाराचा नंबराचा बिल्ला माझ्याकडे राहायचा, लॅम्प परत आला की बिल्ला परत जायचा. ज्याचा बिल्ला खिळ्यावर लटकतोय तो माणूस अजून खाली आहे, एवढा साधा हिशेब. त्या खिडकीतून मला माणसांचे चेहरे कमी आणि चाल जास्त दिसली. कोण कितीला वर येतो, कोणाच्या मागून येतो, वर आल्यावर आधी लॅम्प ठेवतो की आधी भिंतीला टेकतो, हे बघत नोकरी गेली. तेव्हा पायऱ्यांबद्दल चार शब्द लिहायचा मला हक्क आहे असं मी धरून चालतो.

इन्क्लाइन म्हणजे जमिनीत तिरकं शिरलेलं खाणीचं तोंड. चार-पाच फूट पुढे गेलं की फूटभर खाली, असा आमच्याकडचा उतार. मधून कोळशाच्या टबांचे रूळ आणि ते ओढणारा हॉलेजचा पोलादी दोर, आणि एका अंगाला माणसांच्या पायऱ्या. काही सिमेंटच्या, काही दगडाच्या, काही ठिकाणी नुसते जुने लाकडी स्लीपर आडवे टाकलेले. छतातून पाणी गळायचं, त्यात कोळशाची भुकटी मिसळून काळा चिखल व्हायचा आणि त्यावरून गमबूट घसरायचे. खाली भुई फुगत असते, त्यामुळे एका मापाच्या बांधलेल्या पायऱ्याही काही वर्षांत लहानमोठ्या होतात. चालणाऱ्याचा पाय ज्या उंचीची सवय लावून घेतो ती उंची चौथ्या पायरीला बदलते. भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर कोनाडे खोदलेले असतात, त्यांना आम्ही मॅनहोल म्हणतो. टब सुटला, दोर तुटला तर माणसानं आत शिरून जीव वाचवावा म्हणून ते. प्रत्यक्षात त्यांचा रोजचा उपयोग दम घेण्यासाठी. जवान पोरं मॅनहोलकडे बघतही नसत. चाळिशीचा लोडर एखाद्या ठिकाणी थांबे. पन्नाशीचा कुठे थांबतो आणि किती वेळ, यावरून ओव्हरमन त्याच्या उरलेल्या नोकरीचा अंदाज बांधत.

उतरण्याआधी झडती व्हायची, बिडी-माचीस काढून घ्यायचे, कारण खाली ज्वालाग्राही वायू असू शकतो. सुपारी-तंबाखूचा खर्रा मात्र खिशातून जायचाच. चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत खर्रा कोणी अडवू शकलेलं नाही, खाणीच्या तोंडाशी तरी कोण अडवणार? चढताना मॅनहोलमध्ये बसून खर्रा तोंडात टाकायचा आणि पुन्हा निघायचं, असा बहुतेकांचा क्रम. बिलासपूरकडचे एक जुने लोडर होते. लॅम्प खिडकीत ठेवताना ते नेहमी म्हणत, "बाबूजी, कोळसा भरणं हे काम नाही. घरी येणं हे काम आहे." त्यांना पैसे टबामागे मिळत, आणि पायऱ्या कोणत्याच टबात बसत नव्हत्या. पुढे काही खाणींत माणसांना नेणारी-आणणारी मॅन रायडिंगची यंत्रं बसली, पण तोवर एका अख्ख्या पिढीचे गुडघे जाऊन चुकले होते.

चांद्याच्या कोळशाची गोष्ट वरोऱ्यापासून सुरू होते. चांदा १९६४ला चंद्रपूर झालं, १९८२ला गडचिरोली वेगळी निघाली, पण आमच्या तोंडी अजून चांदाच. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ची. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली गेली. कोळसा फार चांगला नव्हता, आपोआप पेट घ्यायचा, आणि १९०६ला ती बंद झाली. मग भार बल्लारपूरकडे आणि चंद्रपूरच्या आसपास सरकला. महाकाली, हिंदुस्तान लालपेठ, दुर्गापूर रयतवारी, नांदगाव इन्क्लाइन ही खाणींची नावं आमच्याकडे गावांच्या नावांसारखी घेतली जातात. १९७३ला राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ला वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. कोळसा किती टन निघाला याचे आकडे त्या सगळ्या काळाचे मिळतात. तो काढणारी माणसं रोज किती चढली याची वही कोणी ठेवली नाही.

त्या चढणाऱ्यांत बायाही होत्या. नवरा कोळसा फोडणार आणि बायको टोपल्यात भरून टबापर्यंत नेणार, ही देशातल्या जुन्या खाणींची जोडीची रीत. १९२९च्या नियमांनी बायांना जमिनीखालून हळूहळू काढायचं ठरलं आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीला त्या वर आल्या. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ला सरकारनं बंदी उठवली. ती पहिल्यांदा उठली आमच्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात, मग बंगाल-बिहारात. युद्ध संपल्यावर १९४६ला पुन्हा बंदी लागली आणि १९५२च्या खाण कायद्यानं ती पक्की केली. माझी आजी त्या मधल्या काळात खाली गेली होती. कोळशातच खोदलेल्या ओबडधोबड टप्प्यांवरून डोक्यावर टोपलं घेऊन चढायचं. ती एकच गोष्ट सांगायची: "उतरताना टोपलं रिकामं राहे, चढताना भरलेलं. उलटं कधी झालं नाही गा." बंदी आली तेव्हा तिला बरं वाटलं का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "बरं काय वाटते? मजुरी गेली."

बायांचं शरीर नाजूक, खाली झेपत नाही, असं बंदीचं कारण सांगितलं जायचं. गरज पडली तेव्हा त्याच शरीराला तीनेक वर्षं झेपलं, हेही त्याच सरकारच्या दप्तरात आहे. शरीर कशाला लायक आहे हे बरेचदा शरीराकडे बघून ठरत नाही, हे मी आजीकडून शिकलो.

पुरुषांची लायकी ठरायची ती दर पाच वर्षांच्या वैद्यकीय तपासणीत. छातीचा एक्स-रे, कान, डोळे, रक्तदाब हे सगळं यंत्रावर मोजलं जाई, 'फॉर्म ओ' भरला जाई. गुडघ्याची खरी परीक्षा इन्क्लाइनच घेई. जो मेडिकल अनफिट ठरेल त्याच्या वारसाला नोकरी मिळायची सोय वेतन करारात होती, त्यामुळे मेडिकल बोर्डाच्या दिवशी काहींचं लंगडणं जरा जास्त व्हायचं. मी खिडकीत बसलेला, मला खरं लंगडणं आणि बोर्डाचं लंगडणं कळायचं. बोर्डाचं लंगडणं चढताना दिसतं, खरं लंगडणं उतरताना. कारण चढताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो आणि उतरताना त्याहूनही थोडा जास्त. मांडीच्या स्नायूला लांबत लांबत अख्खं शरीर झेलायचं असतं. झिजलेला गुडघा तिथे ओरडतो. नाटक करणाऱ्याला हे ठाऊक नसतं, तो उतरताना बिनधास्त उतरतो.

आता घराकडे वळतो, कारण मुळात आम्ही पायऱ्यांची माणसं नव्हतो. आमचं गाव सिंदेवाहीकडचं, झाडीपट्टीतलं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली भुई, समोर सपरी, तिला फार तर एक ओटा. वर धान-धुन्सं ठेवायला माळा असायचा आणि तिथे जायला बांबूची निसन. ती काम झालं की काढून भिंतीला आडवी ठेवायची. पक्का जिना गावात एकाच घराला, मालगुजाराच्या वाड्याला. तोही भिंतीच्या जाडीत लपवलेला, एकावेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद, वर पाडायचं झाकण. वरच्याला खालचा दिसावा आणि खालच्याला वर जाता येऊ नये, अशी त्याची रचना. गडचिरोलीच्या आत, एटापल्ली-भामरागडकडे माडिया आदिवासींच्या घरांना तर ओटाही फारसा नाही, दार मात्र एवढं ठेंगणं की आत जाताना वाकावंच लागतं. चढायचं ते झाडावर. गोरग्याच्या झाडाचा रस काढायला फांद्यांची खुंटं राखलेला लांब बांबू खोडाला बांधतात, एकेका खुंटावर अंगठा टेकत वर जातात. अनवाणी पायाचा अंगठा काय काय करू शकतो हे तिथे बघावं.

झाडीच्या बाईचं अंग वेगळ्या कामाला घडलेलं असतं. माझी माय रोवणीच्या दिवसांत सकाळपासून सांजेपर्यंत चिखलात कमरेत वाकून धान लावायची. उकिडवी बसून तासन्‌तास मोहफुलं वेचायची. ती म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली आणि मला क्वार्टर मिळालेलं वरच्या मजल्यावर. चढायला तिला काही वाटलं नाही. उतरायच्या वेळी वरच्या पायरीशी येऊन ती थबकली, खाली बघितलं, मग जिन्याकडे तोंड करून वळली, दोन्ही हात वरच्या पायऱ्यांवर टेकले आणि निसनीवरून उतरावं तशी उलटी, एकेक पाय मागे टाकत उतरली. लुगड्याचा काष्टा घट्ट, नजर हातांवर. कॉलनीतली पोरं हसली. मलाही लाज वाटली, खोटं कशाला बोलू. ती शेवटपर्यंत तशीच उतरायची आणि एकदाही पडली नाही. तिच्या वयाच्या दोन शेजारणी, सरळ उतरणाऱ्या, खुब्याचं हाड मोडून घेऊन बसल्या. पुढे ओपनकास्टचे मोठे डंपर आले. त्यांच्या केबिनला चढायला लोखंडी शिडी असते. ऑपरेटरला प्रशिक्षणात पहिल्यांदा शिकवतात ते हेच: उतरताना तोंड मशीनकडे, चार हातापायांपैकी तीन कायम टेकलेले. मायला कोणी शिकवलं नव्हतं.

शहरातल्या जुन्या पायऱ्या राजांच्या. चंद्रपूरचा परकोट खांडक्या बल्लाळशहानं सुरू केला आणि पुढच्या गोंड राजांनी पुरा केला. सुमारे ११ किलोमीटरची भिंत, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर असे चार दरवाजे, शिवाय खिडक्या. भिंतीच्या आतून फांजीवर जायला दगडी पायऱ्या आहेत, उंच उंच. त्या बांधणाऱ्यानं डोळ्यांपुढे शिपाई ठेवला होता, म्हातारा-म्हातारी नाही. १८१८च्या मे महिन्यात इंग्रज कर्नल ॲडम्सच्या फौजेनं चांदा घेतलं तेही भिंत चढून नव्हे, तोफांनी भगदाड पाडून. त्यानंतर त्या पायऱ्यांना काम उरलं नाही. झुडपं वाढली, कचरा पडला, लोकांनी परकोटाला टेकून घरं बांधली. आमच्या लहानपणी परकोटावर जाणं म्हणजे पोरांनी घरच्यांची नजर चुकवून करायचं काम. २०१७च्या मार्चपासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी रोज पहाटे जाऊन ती भिंत साफ करायला घेतली आणि त्याच वर्षी 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख झाला. झुडपांखालून पायऱ्या निघाल्या तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या मधोमध झिजलेल्या आहेत. कोणाच्या पायांनी झिजल्या त्यांची नावं कुठे नाहीत.

महाकालीची पायरी मात्र थांबलेली नाही. झरपट नदीच्या काठचं आजचं देऊळ राणी हिराईनं बांधलं. आपला नवरा बीरशहा याची देखणी समाधी बांधणारीही तीच. देवळात देवीची उभी मूर्ती वर, आणि आडवी मूर्ती खाली भुयारात. तिथे जायला वाकून, पायऱ्या उतरून जावं लागतं. चैत्रात यात्रा भरते तेव्हा नांदेड, परभणी, हिंगोली, आदिलाबादकडून माणसं येतात. उन्हाचा पारा ४४-४५वर, झरपटीत अंघोळ, ओल्या कपड्यांनी रांग. भुयाराच्या तोंडाशी गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या मी दरवर्षी बघितल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक खाली जातात. मागची बाई पुढचीचा पदर धरते, वर पोचलेली खालून येणाऱ्या बाईला कोपर देते. खाणीतली माणसंही पाळी लागण्याआधी महाकालीचं नाव घेतात. देवीकडेही आधी उतरायचं आणि मग चढायचं असतं, म्हणून आमचं तिच्याशी जमत असावं. हा माझा अंदाज, पुजाऱ्यांना विचारू नये.

ज्यांनी पायऱ्यांचा विचार शरीराकडून सुरू केला अशी दोन ठिकाणं याच मुलखात आहेत. वरोऱ्याचं आनंदवन, जिथली खाण बंद पडली त्याच गावाशेजारी. महारोगी सेवा समिती १९४९ची, आनंदवनाचं उद्‌घाटन विनोबांच्या हस्ते १९५१ला. कुष्ठरोगात तळपायाची संवेदना जाते. पायरीची कड लागली तर कळत नाही, जखम होते, ती चिघळते. काहींचं पाऊल घोट्यातून उचललं जात नाही, ते प्रत्येक पायरीला अडकतं. त्यांच्यासाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला लागतात, आणि लागते सपाट जमीन. आनंदवनात हिंडताना बहुतेक बैठी घरं आणि लांबच लांब सपाट रस्ते दिसतात. बोटं नसलेल्या हातांनी विहिरी खोदल्या गेल्या ही गोष्ट सगळे सांगतात. त्या विहिरींपासून घरापर्यंत चढ नाही, हे कोणी सांगत नाही. आनंदवन उभारणाऱ्या खुद्द बाबा आमट्यांना मणक्याच्या आजारानं बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. तशा अवस्थेत १९८५ला त्यांनी भारत जोडो यात्रा काढली.

दुसरं गडचिरोलीचं शोधग्राम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ला गडचिरोलीत आले. दवाखाना कसा हवा असं त्यांनी आदिवासींना विचारलं, तेव्हा मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची आम्हाला भीती वाटते, घरचे लोक सोबत राहू देत नाहीत, असं उत्तर आलं. म्हणून दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांसारखा, जमिनीला लागून बांधला. खाटेवर टाकून आणलेला माणूस खाटेसकट आत जातो. पुढे मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज तिथे येऊ लागले, कारण खेड्यातल्या लोकांचं मोठं दुखणं कंबर आणि पाठ. रोवणी करणाऱ्यांच्या कमरा कधीतरी बोलणारच होत्या. आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. त्यात तरण्या पोरांच्या खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि वीस-बावीसचा पोरगा जिन्यापाशी म्हाताऱ्यासारखा उभा राहतो. सपाटीवर चालताना ओळखू येत नाही, म्हणून लोक त्याला आळशी म्हणतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारांत सिकलसेलही घेतला. दिव्यांगत्वाचा दाखला काढायला मात्र अनेकदा जिनाच चढावा लागतो.

आम्हा पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी ज्या कार्यालयात देतो ते पहिल्या मजल्यावर आहे. फेफड्यात कोळसा आणि गुडघ्यात वाटी नसलेली माणसं जिवंत असल्याचं सिद्ध करायला जिना चढतात. अर्ध्यावर थांबतात, तिथे मॅनहोल नाही. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो. ज्यांची नातवंडं जवळ आहेत त्यांची सोय झाली.

तक्रारी झाल्या तेव्हा इमारतीला रॅम्प बांधला गेला. जिना चढणाऱ्यांचा त्यानं काही फायदा नाही, तो रस्त्यापासून तळमजल्याच्या ओट्यापर्यंतच जातो. तरी मी बघायला गेलो. उतारावर उभं राहिलं की माझ्या पोटऱ्यांना चढ कळतो, त्याला पट्टी लागत नाही. पण अर्जात आकडे लागतात म्हणून टेप नेला. ओटा तीन फूट उंच, रॅम्प बारा फूट लांब. म्हणजे चारास एक, आमच्या इन्क्लाइनचाच उतार. नियम बारास एक सांगतो, म्हणजे छत्तीस फूट लांबी हवी. बांधलेल्या रॅम्पवर चाकाची खुर्ची ढकलणारा दमेल आणि उतरताना खुर्ची त्याच्या हातून सुटेल. खाणीत निदान टबाला हॉलेजचा दोर असतो. मी हे सगळं नकाशासकट लिहून दिलं. साहेब म्हणाले, एवढी जागा कुठून आणायची. मी म्हटलं, वळवून बांधा, मधे सपाट टप्पा द्या. माणूस तिथे थांबेल, दम घेईल, पाहिजे तर खर्रा खाईल. साहेबांनी अर्जावर शिक्का मारला. आता दर नोव्हेंबरात एक शिपाई रजिस्टर घेऊन तासभर खाली बसतो, ज्यांना चढता येत नाही त्यांच्या सह्या घेतो. ही सोय कोणत्या आदेशानं झाली ते त्यालाही माहीत नाही, आणि मी विचारून ती बंद पाडणार नाही.